घर पाहावे विकून

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्याने काढली त्याने घर विकून पाहिलेले नसावे. घर बांधताना पैसा जातो, झोप जाते, गवंड्याशी बोलून बोलून घसा जातो. पण शेवटी डोक्यावर छप्पर तरी उरते. लग्नाविषयी मी काही बोलत नाही, कारण दिवाळी अंक घरात सगळेच वाचतात. घर विकताना मात्र काय काय गेले याचा हिशेब पुढे कित्येक महिने लागत नाही. माझा अजून पुरता लागलेला नाही.

आमचे घर धाराशिवच्या जुन्या गावात, एका बोळाच्या टोकाला. नऊ खणांचे माळवद. ज्यांनी माळवद पाहिले नाही त्यांना सांगायला हवे की मराठवाड्यात घर खोल्यांनी मोजत नसत, खणांनी मोजत. दीड-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, आत सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि त्यांवर हातभर माती. दोन तुळयांच्या मधली जागा म्हणजे एक खण. दर वर्षी मृगाच्या आधी वर पांढरी माती पसरायची, म्हणजे पाणी गळत नाही. उन्हाळ्यात बाहेर बेचाळीस अंश असले तरी आत माठातल्यासारखे गार. रात्री सगळे घर माळवदावर झोपायला. माझ्या पिढीच्या धाराशिवकरांना आकाशातली नक्षत्रे माहीत आहेत ती शाळेमुळे नव्हे.

याच मातीच्या ओझ्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे घात केला. अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून लोक नुकते कुठे झोपले होते. किल्लारी आणि सास्तूर या भागात हजारो माणसे आपल्याच भिंतींच्या दगडांखाली आणि आपल्याच माळवदांच्या मातीखाली गेली. बावन्न गावे उचलून नव्या जागी वसवावी लागली. आमच्या घराची मागची भिंत बाहेरच्या अंगाला कोसळली, पण खांब हलले नाहीत आणि वरचे ओझे त्यांनी तसेच धरून ठेवले. आई त्यानंतर पाच महिने अंगणात पत्र्याखाली निजली. पुढे भिंत विटांची बांधली, पण माळवदावर झोपायला कोणी गेले नाही. आणि आत झोपणाऱ्याचा एक डोळा कायम तुळईवर.

आई २०१६ साली गेली. मी पुण्यात, धाकटा भाऊ बडोद्याला, थोरली बहीण, म्हणजे आमची आक्का, बार्शीला. घराला कुलूप लागले. वर्षातून एकदा मी तुळजापूरला देवीच्या दर्शनाला जाताना कुलूप काढून आत डोकवायचो, घुशींनी केलेले ढिगारे पाहायचो आणि 'काहीतरी केले पाहिजे' असे म्हणून परत कुलूप लावायचो. हे सात वर्षे चालले. अशा माणसांवरच दलालांचे संसार चालतात.

आमचे दलाल मला भेटले ते २०२३ च्या मार्चमध्ये. वास्तविक मी त्यांना भेटलो नाही, तेच मला भेटले. मी कुलूप काढतो आहे तोच मागून आवाज आला, "काका, देऊन टाकायलाव का काय वाडा?" वळून पाहिले तो पस्तिशीचा एक हसतमुख तरुण मोटारसायकलवरून उतरत होता. विकायचे आहे असे मी म्हणालो नाही. 'बघू' असे म्हणालो. मराठीत 'बघू' या शब्दाचा अर्थ बहुधा 'नाही' असा होतो, पण दलालीच्या धंद्यात तो 'हो' असा होतो हे मला ठाऊक नव्हते. त्याने लगेच आपले कार्ड दिले. कार्डाच्या एका बाजूला पत्ता 'उस्मानाबाद' आणि दुसऱ्या बाजूला 'धाराशिव' असा होता. नुकतेच, फेब्रुवारीत, गावाचे नाव सरकारदरबारी बदलले होते. सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अलीच्या नावाचे ते उस्मानाबाद. पण माझी आजी त्याच्या राज्यात राहूनही गावाला मरेपर्यंत धाराशिवच म्हणत आली. "दोन्हीकडचं गिऱ्हाईक असतंय काका," त्याने खुलासा केला. मला हे आवडले. तिथेच मी फसलो.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला पोचतो तो आमच्या घराचे फोटो माझ्याच फोनवर येऊन पडलेले. खाली लिहिलेले : 'अर्जंट विकणे आहे. मालकाला पैशाची गरज.' मला पैशाची गरज आहे ही बातमी मला ही अशी कळली. त्याच दिवशी ती माझ्या तीन मावसभावांना, एका शाळासोबत्याला आणि व्याह्यांनाही कळली. व्याह्यांनी तर रात्री हळूच फोन करून, संकोच करू नका, असे सांगितले. मी दलालांना फोन केला. ते म्हणाले, "अर्जंट लिहिल्याशिवाय लोकं उघडत नाहीत काका." मग घराच्या दारावर त्यांच्या नंबराची पाटी लागली. शेजारच्या काकूंकडे ठेवलेली किल्ली मी सांगितल्याचे सांगून नेली गेली आणि आठवड्याला एक या हिशेबाने अनोळखी कुटुंबे माझ्या आईच्या स्वयंपाकघरात उभी राहून भिंतीवर टकटक करून पाहू लागली.

फोन सकाळी सहा चाळीसला यायचा. 'उद्या अमावास्या लागतीय, आज हो म्हणून टाका.' 'परवा पंचक आहे.' 'सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेचं काम चाललंय, आत्ता भाव चढलाय.' चार दिवसांनी त्याच रेल्वेमुळे भाव उतरणार असायचा, कारण लोक नव्या स्टेशनाकडे जागा घेणार. एकच आगगाडी दोन दिशांना पळवण्याची ही विद्या मला थक्क करून सोडी. एकदा ते स्वारीच घेऊन पुण्याला माझ्या दारात हजर झाले. हातात स्टीलच्या डब्यात किलोभर धाराशिवचे गुलाबजाम. आता आमच्याकडच्या गुलाबजामांबद्दल परमुलुखातल्या माणसाला काही सांगून उपयोग नाही. मला मधुमेह आहे आणि मी चार खाल्ले, एवढेच सांगतो. 'भीड भिकेची बहीण' असे म्हणतात. माझ्या घरी या दोघी बहिणी कायमच्या मुक्कामाला आहेत.

पण माणसावर अन्याय करू नये. या गृहस्थांनी जे केले ते मी जन्मात केले नसते. घराचा मूळ कागद आजोबांच्या ट्रंकेत होता, तो उर्दूत. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू, त्यामुळे मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत आपल्याच मालकीचा कागद आपल्यालाच वाचता येत नाही. त्यांनी एक वृद्ध वकील शोधून काढले. वकीलसाहेबांनी भिंग लावून, मान डोलवत, कागद वाचला तेव्हा मी तिथे होतो. फसली सन १३४०, म्हणजे इसवी सनाचे १९३०-३१. घर सात खणांचे, बाकीचे दोन वडिलांनी पुढे वाढवलेले. किंमत सातशे रुपये हाली. हाली म्हणजे निजामाचा शिक्का. इंग्रजांचा तो कलदार. सात हाली दिले की साधारण सहा कलदार यायचे, म्हणजे आजोबांनी सहाशे कलदारांत माझे बालपण विकत घेतले होते. वकीलसाहेबांनी पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, या चतुःसीमा वाचल्या. त्यांतल्या एकाही घरात आज तेच कुटुंब राहत नाही. दलाल मात्र अस्वस्थ होऊन घड्याळ पाहत होते. त्यांना फक्त क्षेत्रफळ हवे होते.

आणि मग सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक आले.

इथे मला जे लिहायचे आहे ते लिहिण्याचे मी बरेच दिवस टाळत होतो. वडील १९८८ साली वारले. त्या वेळी वारसांची नावे लागली ती आईचे, माझे आणि धाकट्याचे. आक्काचे नाव घालायचे कोणाला सुचले नाही. कचेरीला दोष नाही. अर्ज मीच लिहिला होता आणि त्यात वारस म्हणून तीनच नावे मीच माझ्या अक्षरात लिहिली होती. १९५६ चा वारसा कायदा तेव्हाही होताच आणि वडिलांच्या मिळकतीत मुलीचा हिस्सा त्यात होताच. २००५ साली तर मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनच मुलाइतका हक्क मिळाला. मी पदवीधर, रोज तीन वर्तमानपत्रे वाचणारा. पण आक्काचे लग्न १९७३ मध्ये झालेले, घरचे तिचे चांगले, ती कधी काही बोलली नाही, आणि आपल्याकडे न बोलणाऱ्याचा हिस्सा कागदावर येत नाही.

"मावशींचं नाव कार्डावर नाहीच काका," दलाल म्हणाले. "लई बरं झालं. हक्कसोडपत्राचं लफडंच नाही. तुम्ही दोघं भाऊ सह्या करा, विषय संपला."

मी काय बोललो असेन? काही बोललो नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरच्या आठवड्यातही नाही. भावाला फोन केला, तर तो म्हणाला, "दादा, तू करशील ते." आक्काला मी दर रविवारी फोन करतो, त्या रविवारीही केला, तिच्या गुडघ्यांविषयी बोललो, पावसाविषयी बोललो. मनाशी म्हणत होतो, व्यवहार पुरा झाला की तिला चांगली पैठणी आणि काही रक्कम देऊ. दलाल घाई करतात, त्यांची जबरदस्ती चालली आहे, माझा नाइलाज आहे, असे मी बायकोला सांगत होतो आणि ती माझ्याकडे नुसती पाहत होती. खरी गोष्ट अशी की ती घाई मला सोयीची झाली होती. जे मला स्वतःहून करायची लाज वाटत होती ते दुसरा कोणी रेटून करवून घेत होता.

श्रावणात एके दिवशी फोनमध्ये बँकेचा निरोप आला की माझ्या खात्यात एकवीस हजार रुपये जमा झाले. पाठोपाठ दलाल. "टोकन टाकलंय काका. पार्टी पक्की. अठ्ठावीस लाख. आता मागं फिरायचं नाही." पार्टी कोण? "ते खरेदीखताच्या दिवशी कळंल की. वकील कागद बघायलेत." एखाद्याच्या खिशात त्याला न विचारता पैसे घालून त्याला बांधून टाकता येते हे मला नवीन होते. पैसे परत पाठवावेत हेही सुचले नाही. म्हणजे सुचले, पण अठ्ठावीस लाख हा आकडा त्याच्या आड आला.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, रविवार नसताना, आक्काचा फोन आला.

"अरे, पेपरात आपलं घर आलंय," ती म्हणाली.

घेणाऱ्याच्या वकिलाने जाहीर नोटीस दिली होती. अशा नोटिसा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात असतात : अमुक मिळकत माझे अशील खरेदी करत आहेत, कोणाचा हक्क, हितसंबंध, दावा असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे, अन्यथा कोणाचा काही हक्क नाही असे समजून व्यवहार पुरा केला जाईल. त्या कोणी वाचत नाही असा माझा समज होता. आक्का दुपारी चहा घेताना वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते हे मला लहानपणापासून ठाऊक होते, पण ते माझ्या ध्यानात राहिले नाही. तिने मला नोटीस वाचून दाखवली. चतुःसीमा वाचल्या, सिटी सर्व्हे नंबर वाचला, माझे नाव वाचले, धाकट्याचे नाव वाचले. मग थांबली.

"पंधरा दिवसांत कळवायचंय," ती म्हणाली. "मी कळवू का?"

ती रागावली असती तर मी काही तरी उत्तर दिले असते. दलालाचे नाव सांगितले असते. तिने नुसते विचारले. मी "कळव" म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर किती तरी वेळ तसाच बसलो.

आक्का चौऱ्याहत्तर वर्षांची, शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत. पण तीस वर्षे तिने यजमानांच्या आडत दुकानाचे खाते लिहिले आहे. बार्शीच्या बाजारात ज्याने तुरीचे आणि ज्वारीचे हिशेब ठेवले त्याला दलाल ही चीज नवी नसते. तिने साध्या फुलस्केप कागदावर हरकत लिहिली, वकिलाच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवली आणि पोचपावती जपून ठेवली. चौथ्या दिवशी वकिलाचा तिला फोन. सहाव्या दिवशी वकील, त्यांचे अशील, आक्का आणि मी, असे आम्ही धाराशिवला आमच्याच घराच्या ओसरीवर बसलो होतो. घेणारा जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक, बायकोही शिक्षिका, दोघेही सरळ. बोलता बोलता त्या बाई म्हणाल्या, "तेहतीस लाख म्हणजे आमच्या आवाक्याबाहेरच होतं हो, पण कर्ज काढतोय."

मी आक्काकडे पाहिले. आक्का पदर सावरत म्हणाली, "किती म्हणालात?"

तोवर मोटारसायकलचा आवाज आला. दलालांना कोणी बोलावले नव्हते, पण त्यांना गावातले सगळे कळते. आत येऊन त्यांनी परिस्थिती पाहिली आणि, हे मला त्यांचे कौतुक वाटते, चेहऱ्यावरची एक रेघ हलू न देता सर्वांना नमस्कार करून बसले. आक्काने इसार पावतीचा मसुदा मागितला. तो मला आठ दिवस आधीच आला होता आणि मी तो, बारीक अक्षर आहे म्हणून, पुरता वाचला नव्हता. आक्काने चष्मा लावून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. लिहून घेणार म्हणून दलालांचे नाव होते आणि पुढे 'किंवा ते सांगतील त्यांच्या नावे' असे शब्द होते. मुदत अकरा महिने. याची मेख अशी : थोडासा इसार देऊन दलालाने मालकाला अकरा महिने बांधून ठेवायचे, मधल्या काळात चढ्या भावाचे गिऱ्हाईक गाठायचे, आणि खरेदीखताला मालकाला सरळ त्या गिऱ्हाइकापुढे उभे करायचे. मालकाला ठरलेले अठ्ठावीस मिळतात. वरचे पाच कुठे गेले ते दोन्ही बाजूंना कळत नाही. शिवाय दोघांकडून दलाली वेगळीच.

आक्का तिथे थांबली नाही. तिने सातवे कलम दोनदा वाचले. 'जुने बांधकाम लिहून घेणार यांनी स्वखर्चाने उतरवावयाचे असून त्याचा मलबा त्यांच्या मालकीचा राहील.'

"मलबा म्हणजे काय रे बाळा?" तिने दलालांना विचारले.

"मलबा म्हणजे दगडमाती मावशी. ती उचलायला आमालाच खर्च येतोय."

आक्काने मान वर करून तुळयांकडे पाहिले. मग खांबांकडे पाहिले. मग आमच्या पुढच्या दाराच्या चौकटीकडे, जिच्यावर दोन मोर आणि मध्ये गणपती कोरलेला आहे. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तिने बार्शीहून आपल्या ओळखीचे सुतार आणले. त्यांनी टेप लावून सगळे मोजले. शंभर-सव्वाशे वर्षांचा साग, कीड नाही, भेग नाही, सुमारे एकशे दहा घनफूट, चौकट वेगळी. दोन लाखांच्या वर माल होता तो. मराठवाड्यातले कितीतरी वाडे असे 'मलबा' म्हणून गेले आहेत. भूकंपानंतर लोकांना माळवदाची धास्ती बसली, जो तो स्लॅबच्या मागे लागला, आणि ज्या खांबांनी छप्पर तोलून धरले तेच खांब कवडीमोलाने ट्रकात चढले. ते आता कुठल्याशा मोठ्या शहरात हॉटेलच्या दाराशी उभे असतात आणि लोक त्यांच्यापुढे फोटो काढतात.

त्या दिवशी ओसरीवर दलाल जे बोलले ते मात्र नोंदवून ठेवण्याजोगे आहे. आक्काने विचारले, "पाच लाख वरचे, दोन लाखांचं लाकूड, वर दलाली. इतकं कसं रे पचतं?" तेव्हा ते प्रथमच हसायचे थांबले. म्हणाले, "मावशी, धा घरं दाखवावी तवा एक विकतंय. सहा महिने झाले काकांच्या मागं हिंडलो, पेट्रोल माझं, चहा माझा, उर्दूवाल्या वकिलाची फी मी दिली. काकांनी एकदा तरी विचारलं का, तुझं काय द्यायचं म्हणून? ठरलेलं कोण देतंय इथं? काम झालं की वळख ऱ्हात नाही. म्हणून आधीच धरून ठेवायचं." मी खाली पाहिले. त्यांनी फी दिली होती हे खरे होते, आणि मी विचारले नव्हते हेही खरे होते. मला वाटले होते की तो दलाली घेईलच, तेव्हा आपण कशाला विषय काढा. नव्या घरांचे प्रकल्प विकणाऱ्या एजंटांना २०१७ पासून महारेरात नोंदणी करावी लागते, त्यांना नियम आहेत. जुने घर विकणारा आणि विकवणारा यांच्यामध्ये अजून फक्त एकमेकांचा अंदाज असतो.

पुढचे थोडक्यात सांगतो. एकवीस हजार मी परत पाठवले. भाव शिक्षकाशी समोरासमोर बसून एकतीस लाख ठरला. लाकूड आणि चौकट आमची. दलालांनी जाता जाता एक शेवटचा प्रयत्न केला : रेडीरेकनरप्रमाणे चेक, बाकी रोख. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१५ पासून कायद्याने बंदी आहे हे शिक्षकाच्या वकिलांनी सांगितले आणि तो विषय तिथेच मिटला. आक्काचे नाव मालमत्ता पत्रकावर चढवायला पाच महिने लागले. अर्ज पुन्हा मीच लिहिला. या वेळी तिचे नाव पहिले घातले. ती थोरली आहे, हे मला एवढ्या उशिरा सुचले. आणि गंमत अशी की त्या पाच महिन्यांत कचेरीच्या फेऱ्या मारल्या त्या आमच्या दलालांनीच. आक्काने त्यांना बोलावून सांगितले होते, "एक टक्का दलाली, चेकने, खरेदीच्या दिवशी. वकिलाची फी वेगळी. कागदावर लिहून देते." आणि लिहून दिले. त्यानंतर सहा चाळीसचा फोन मला यायचा बंद झाला. तो आक्काला जायचा, आणि ती साडेपाचलाच उठत असल्यामुळे तिला त्याचे काही वाटत नसे.

घर उतरवण्याआधी मी आणि आक्का एकदा दोघेच तिथे गेलो. ती सगळ्या नऊ खणांतून हात मागे बांधून फिरली. आईच्या चुलीच्या जागी थोडी थांबली. मी म्हणालो, "आक्का, मी तुला सांगणार होतो." ती म्हणाली, "नव्हतास." थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आधी विचारलं असतंस ना, तर मी सोडलाही असता. मला काय कमी आहे? पण पेपरात वाचल्यावर नाही सोडवला." मग तिने मला जिन्याला हात धरून चढव म्हणून सांगितले आणि आम्ही माळवदावर गेलो. तिथे तरवडाची झुडपे उगवली होती. १९९३ नंतर मी वर आलोच नव्हतो. आक्काने पदराने जागा झाडली आणि बसली. "इथून हातलाईचा डोंगर दिसायचा," ती म्हणाली. आता समोर तीन मजली इमारत आहे.

खरेदीखत २०२४ च्या मार्चमध्ये झाले. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत तिघांचे फोटो निघाले, अंगठे उमटले. आक्काचा अंगठा यंत्रावर उमटेना. चार वेळा पुसून, पाचव्या वेळी उमटला. एकतीस लाखांचे तीन वाटे झाले, पै-पैसा मोजून. लाकडाचे पैसे तिने धाकट्याला आणि मला दिले, स्वतः चौकट घेतली. ती आता बार्शीला तिच्या देवघराला बसवली आहे, थोडी रुंद पडते म्हणून बाजूला फळ्या मारल्या आहेत.

कचेरीबाहेर चिंचेखाली आक्काने पर्स उघडून एकतीस हजारांचा आणि वकिलाच्या फीचा असे दोन चेक दलालांच्या हातात दिले. त्यांनी ते वाचले, घडी घातली, खिशात ठेवले आणि वाकून तिच्या पाया पडले. मग सरळ होत म्हणाले, "मावशी, बार्शीत तुमच्या घरासमोर ती मोकळी जागा हाय, कंपाउंडवाली, ती कुणाची वो?"

त्यांनी तिचे घर कधी पाहिले हे मी विचारणार होतो. पण आक्काने आधीच तिथल्या पायरीवर बैठक मारली होती आणि ती जागा मूळ कोणाची, त्याला मुलगे किती आणि मुली किती, हे ती त्यांना सविस्तर सांगू लागली होती. मुलींची नावे तिने दोनदा सांगितली.